ठेवलेली गाडी

मृगाचा पाऊस पडला की दादाची रजा संपत आलेली असायची. दादा माझा चुलतभाऊ, फौजेत होता. वर्षाची साठ दिवसांची रजा तो एप्रिलच्या मध्यापासून घ्यायचा, म्हणजे लग्नसराई सापडायची आणि पऱ्हे टाकायलाही हात लागायचा. जूनच्या मध्यात तो परत जायचा. जायच्या आदल्या दिवशी आमच्या गोरेगावच्या घराच्या छपरीत एक काम ठरलेलं असायचं. गाडी ठेवायची.

गाडी म्हणजे त्याची हिरो होंडा स्प्लेंडर, २००१ साली घेतलेली. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि एमएच ३५ हा नंबर आला. त्या नंबरच्या गाड्या तेव्हा रस्त्यावर मोजक्याच दिसायच्या, म्हणून दादाला आपल्या नंबरप्लेटचा भारी अभिमान. पण वर्षातले दहा महिने ती गाडी आमच्याकडे उभी असायची. थंड मुलखात लोक बर्फ पडायच्या आधी मोटारसायकल अशीच बांधून ठेवतात म्हणे. दादाची ड्युटी काही वर्षं लडाखकडे होती. तिकडे हिवाळ्यात डिझेलसुद्धा घट्ट होतं, हे तो सांगायचा तेव्हा आम्हाला खोटं वाटायचं. आमच्याकडे गाडीचा वैरी बर्फ नाही. पावसाळ्यातली ओल, उंदीर आणि उभं राहणं हेच तिचे वैरी.

ठेवायची रीत दादानं मला शिकवली. आधी गाडी एक चक्कर मारून गरम करायची. मग जुनं ऑइल काढून नवं टाकायचं, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आंबटपणा येतो आणि तो आतल्या लोखंडाला बसल्या जागी खातो. टाकी पेट्रोलनं काठोकाठ भरायची. टाकी अर्धी असली तर रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होतं आणि आतून गंज धरतो. मग कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडायचं, दोनचार किका मारायच्या, प्लग परत बसवायचा. बॅटरी सोडवून घरात ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला द्यायची. चेन रॉकेलनं धुऊन ग्रीस लावायचं. मेन स्टँड लावून खाली फळी सरकवायची. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबायची, नाहीतर कुंभारमाशी घर करते. वरून जुनं लुगडं टाकायचं, प्लास्टिक नाही. प्लास्टिकखाली घाम सुटतो.

आणि गाडी कोठ्यात ठेवायची नाही, युरियाच्या पोत्यांजवळ तर मुळीच नाही. जनावरांच्या मुताची वाफ आणि खत, दोन्ही चकाकत्या लोखंडाची वाट लावतात. म्हणून आमची छपरी.

सगळं झालं की दादा एक वही काढायचा. मीटरचा आकडा पाहायचा, तारीख टाकून लिहायचा आणि वही माझ्या हातात द्यायचा. "घे बाबू, आता तुई अमानत."

अमानत या शब्दावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या वेळी मात्र तो मला नुसता ऐटदार वाटला.

पहिलं वर्ष नीट गेलं. मी लुगडं काढायचो, पुसायचो, परत झाकायचो. दर रविवारी एक किक मारून दोन मिनिटं गाडी सुरू करायचो. त्यात गाडीच्या तब्येतीपेक्षा काकूची तब्येत जास्त होती. दादाची माय बाजूच्याच घरात एकटी राहायची. इंजिनचा आवाज आला की दारात यायची. म्हणायची, "आवाज आयकला का वाटते गा, लेक घरीच हाये."

दुसऱ्या वर्षी, ऑगस्टात, रोवणी संपत आली होती. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या एका घरातल्या माणसाला बांधीच्या धुऱ्यावर साप चावला. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली आली, तेव्हा ती नव्हतीच. त्याचा मुलगा आमच्या दारात उभा राहिला आणि त्यानं गाडीकडे पाहिलं. मी लुगडं ओढलं, चिंधी काढली, बॅटरी न लावताच कॉक उघडला. चौथ्या किकला गाडी लागली. बापाला मध्ये बसवून, मुलानं मागून धरून, आम्ही पावसातून गोंदियाला गेलो. अंतर पंधराएक किलोमीटरचंच, पण त्या रात्री ते संपता संपत नव्हतं. माणूस वाचला.

सकाळी मी वहीत तारीख घातली, आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, "साप चावला होता, गोंदिया." लिहिताना हात अडखळला नाही. दादा इथे असता तर त्यानंच चावी फेकली असती, हे मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर त्या घरून नव्या धानाचे दोन पायली तांदूळ आले. ते आमच्या घरी रांधून आम्ही खाल्ले.

माझे वडील मात्र थोडे अस्वस्थ होते. त्यांना वाईट काही दिसलं नव्हतं, पण सवयीची भीती वाटत होती. ते म्हणाले, "भरतानं रामाच्या खडावा सिंहासनावर ठेवल्या गा. पायात नाही घातल्या."

मी मनात म्हटलं, खडावांना गंज धरत नाही. हे उत्तर खरं होतं, आणि त्यातूनच पुढची घसरगुंडी झाली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, दंडार, रात्री नाटक. जवळच्या एका गावी मंडई होती आणि मला जायचं होतं. सायकल होती. पण एकदा गाडीवर बसलेल्या माणसाला सायकल जड होते. मी स्वतःला सांगितलं, उभी राहून गाडी खराबच होते, चालवली तर तिचंच भलं. पेट्रोल माझ्या पैशाचं टाकीन. मग यात चोरी कुठली?

हे सगळं मनाशी बोलत असताना माझे हात पुढच्या चाकाजवळ एक वेगळंच काम करत होते. स्प्लेंडरच्या मीटरला पुढच्या चाकाकडून एक केबल येते. चाक फिरतं तशी आतली तार फिरते, तार मीटरला फिरवते. चाकाकडचं टोक सोडवलं की गाडी कितीही पळवा, आकडा हलत नाही. ही युक्ती गावातल्या पोरासोरांनाही माहीत असते. मी ते टोक सोडवलं, चिंधीत गुंडाळलं आणि मंडईला गेलो.

त्या रात्रीचं एक चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगानं धावते आहे, अंगावर गार वारा येतो आहे, आणि समोर काटा शून्यावर पडलेला आहे.

मग केबल लावायचा कंटाळा येऊ लागला. मंडया झाल्या, गोंदियाला सिनेमा झाला, सौंदडला बहिणीकडे जाणं झालं. आमगावकडच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो तोही त्याच गाडीवर. मुलीच्या वडिलांनी गाडीकडे कौतुकानं पाहिलं आणि मी काही बोललो नाही. मार्चपर्यंत साधारण सहाशे किलोमीटर झाले असतील. वहीत साप चावल्याच्या ओळीनंतर कोरं पान.

एप्रिलात दादा आला. गाडी सुरू करायची पहिली रीत म्हणजे ठेवताना टाकलेलं ऑइल पाहायचं. त्यानं ते जुन्या डब्यात काढलं. काळं निघालं. नवं ऑइल उभ्या गाडीत असं काळं पडत नाही, हे त्यानंच मला शिकवलं होतं. त्यानं डब्याकडे पाहिलं, ढिली झालेली चेन बोटानं हलवली, मीटरकडे पाहिलं. मग विचारलं,

"गाडी उभीच होती ना बाबू? त्या सापाच्या रातीशिवाय?"

"हो दादा."

तो पुढे काही बोलला नाही. दोन महिने नेहमीसारखा वागला. मला बाजारात पाठवताना चावी द्यायचा. जूनमध्ये गाडी ठेवायची वेळ आली तेव्हा सगळं काम झाल्यावर त्यानं वही उघडलीच नाही. माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "या साली आकडा तूच लिही. मी नाही पाहत."

रागावला असता तर मी वाद घातला असता. कारणं तयार होती. पण न पाहणाऱ्या माणसाशी वाद कसा घालणार?

दुसऱ्या दिवशी काळीपिवळीनं आम्ही गोंदियाला गेलो. स्टेशनवर गाडीला वेळ होता. फलाटावर मी त्याला सगळं सांगितलं. मंडई, सिनेमा, आमगाव, केबल. सांगताना मी सारखं म्हणत होतो की पेट्रोल माझं होतं, गाडीला ओरखडा नाही.

दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "ऑइल पाहून समजलो होतो मी. गाडी चालवली याचं वाईट नाही वाटलं मले. तुले पाहिजे होती त मांगाची होती. पण एक सांग. रविवारी मी फोन करतो. माय बरी हाये का विचारतो. तू बरी हाये म्हणतेस आन् मी तिकडे झोपतो. आता त्या मीटरचा काटा चालू हाये का बंद, हे मी कसा ओळखू?"

मला उत्तर देता आलं नाही. रेल्वे आली, तो गेला.

त्या एका प्रश्नानं माझं सगळं गणित मोडलं. मी गाडीची झीज मोजत होतो आणि ती भरून देत होतो, पेट्रोलनं, पुसण्यानं, काळजीनं. दादानं माझ्याजवळ गाडी ठेवली होती खरी, पण तिच्याबरोबर आणखी एक वस्तू ठेवली होती. दोन हजार किलोमीटरवरून दिसत नाही ते माझ्या तोंडून पाहायचं, ही ती वस्तू. केबल मी तिची सोडवली होती.

पुढे मी या गोष्टीबद्दल वाचत गेलो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात वादाचे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत 'निक्षेप' म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू हा एक स्वतंत्र विषय आहे. म्हणजे ही डोकेदुखी फार जुनी. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही ठेवीची कलमं आहेत. ठेव सांभाळणाऱ्यानं शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असं कलम १५१ म्हणतं. ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला तर नुकसान त्याच्या माथी, असं कलम १५४ म्हणतं. तिथे घोड्याचं उदाहरण आहे. स्वतः बसायला मागून आणलेला घोडा घरच्याच दुसऱ्याला बसायला दिला. त्यानं जपून चालवला, तरी घोडा पडून जायबंदी झाला, तर मागून आणणारा भरपाईला बांधील.

पण मला सर्वांत आवडलं ते कलम १६३. तिथलं उदाहरण आमच्या गावातलं वाटावं असं आहे. एकानं दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली. गाय व्याली. तर सांभाळणाऱ्यानं गायीबरोबर वासरूही परत द्यायचं. हे वाचलं आणि मला एकदम ते दोन पायली तांदूळ आठवले. ते दादाच्या गाडीचं वासरू होतं. आम्ही ते खाऊन बसलो होतो. पुढच्या दिवाळीला मी दोन पायली तांदूळ काकूकडे नेऊन दिले आणि कशाचे ते सांगितलं. तिनं ठेवून घेतले. "त्या मानसाले म्हना, जपून राय बांधीत," एवढंच म्हणाली.

कायद्याच्या पलीकडे एक गोष्ट उरते. प्लेटो नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञानं 'रिपब्लिक' या ग्रंथात एका मेंढपाळाची कथा सांगितली आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की तो माणूस दिसेनासा होतो. हे कळल्यावर तो मेंढपाळ राजाला मारून राज्य बळकावतो. प्रश्न असा की अशी अंगठी हाती आली तर चांगला माणूसही चांगला राहील का? शाळेत ही कथा कळली असती तर मी म्हटलं असतं, अशी अंगठी असते कुठे? आता माहीत आहे. ती दहा नंबरच्या पान्याएवढी सोपी असते आणि आमच्या छपरीत होती. मला राज्य नको होतं, मंडईच पाहायची होती. पण खडा फिरवणारे हात तेच होते.

मग ठेव वापरावी की नाही? वडिलांचं म्हणणं होतं, हात लावू नये. माझं म्हणणं होतं, उभी राहून सडते. दोघंही अर्धे बरोबर होतो. मिस्त्रीनं मला नंतर सांगितलं की मी दर रविवारी दोन मिनिटं गाडी सुरू करायचो तेच तिला सर्वांत वाईट होतं. थंड इंजिन थोडं चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी सुटतं, ते सुकायला पुरेशी गरमी मिळत नाही आणि आतून गंज चढतो. एक तर नीट बांधून ठेवा आणि हात लावू नका, नाहीतर पंधरा-वीस किलोमीटर चालवून चांगली गरम करा. मधलं काही करू नका. नाव काळजीचं, काम दिखाव्याचं, असं ते मधलं असतं.

दादानं पुढच्या पत्रात स्वतःच लिहिलं. पावसाळा सरला की गाडी बांधून ठेवू नको, पंधरवड्यातून एकदा कोहमाऱ्यापर्यंत नेऊन आण. जाताना मायला मागं बसव. वहीत लिही.

म्हणून दसऱ्यानंतर आम्ही निघायचो. काकू मागे एका बाजूला बसायची, खांद्याला घट्ट धरून. जानेवारीत आमच्याकडे थंडी कडक असते, चोक ओढूनही सातआठ किका लागायच्या. काकू तोवर शाल गुंडाळून उभी असायची. वाटेत ती कापलेल्या बांध्या पाहत, कोणाचं धान किती झालं असेल याचा हिशेब करत यायची. आणि रविवारी दादाचा फोन आला की मी काकू बरी आहे एवढंच म्हणायचो नाही. गुडघा दुखतो, कालपासून जेवण कमी आहे, डॉक्टरकडे नेलं, असं जे असेल ते सांगायचो. त्यामुळे दादाची झोप कधीकधी उडाली असेल. पण काटा चालू होता.

तुम्ही म्हणाल, सहाशे किलोमीटर ही काय पापाची गोष्ट झाली? लोक जमिनी खातात, बँका बुडवतात. खरं आहे. पण मोठी ठेव सांभाळायची पाळी आमच्यासारख्यांवर क्वचित येते. आमच्याकडे येते ती शेजाऱ्याची चावी, भावाची गाडी, म्हाताऱ्या माणसाचं पासबुक. आपण कसे आहोत ते तिथेच ठरतं. मी माझ्यापुरती एक कसोटी धरली आहे. दुसऱ्याची वस्तू वापरल्यावर ते वहीत लिहिता येतं का? लिहिता आलं तर वापर, हात अडखळला तर चोरी. नियम असा काही चोख नाही, पण केबल सोडवायला खाली वाकलो की तो आठवतो.

मुलगी पाहायला गेलो होतो, तिच्याशीच माझं लग्न झालं. गाडी कोणाची हे मी तिला लग्नाआधीच, घाबरत घाबरत, सांगितलं. ती म्हणाली, "बाबानं गाडीवरून नाही हो म्हटलं." तरी सांगितलं ते बरं केलं, असं पुढे एकदा तीच म्हणाली.

काकू आता नाही. दादा निवृत्त होऊन गोरेगावलाच आहे. पावसाळ्यात तो पोराकडे पुण्याला जातो आणि स्प्लेंडर अजून आमच्याच छपरीत येते. मागच्या जूनमध्ये आम्ही दोघांनी ती ठेवली. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं, म्हणून कार्बोरेटर रिकामा करायला विसरलो नाही. दादाचे हात थोडे थरथरतात. प्लगमधून ऑइल मी सोडलं, लुगडं त्यानं टाकलं. काकूचंच लुगडं.

मग मी वही काढली. ही तिसरी वही आहे. तारीख घातली, आकडा लिहिला. मीटर कधी बदललं नाही, त्यामुळे ते आजही खऱ्यापेक्षा सहाशेएक किलोमीटर कमी दाखवतं. ते भरून काढायची काही सोय नाही. दादा म्हणतो, सोड आता. पण दरवर्षी मी आकड्यापुढे कंस करतो आणि आत लिहितो, "अधिक ६००, अंदाजे." यंदाही लिहिलं आणि वही खुंटीला अडकवली.